सकाळी किती वाजता उठायचं, हे कोण ठरवणार?

आजच्या भागातली गोष्ट अमेरिकेतली आहे, पण प्रश्न अगदी घरगुती आहे. सकाळी किती वाजता उठायचं? आंघोळ आधी की चहा आधी? खोलीचं दार लावून घ्यायचं की उघडं ठेवायचं? आपण दिवसभर असं काहीतरी ठरवत असतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. कायमची काळजी लागणारा माणूस एखाद्या संस्थेत राहायला गेला, की हे सगळे निर्णय हळूहळू तिथल्या ड्युटीच्या वेळापत्रकाकडे जातात. ते परत त्या माणसाच्या हातात यावेत म्हणून अमेरिकेत काय काय करावं लागलं, ते आज बघूया.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे गल्लीतलं छोटं हॉस्पिटल. डिलिव्हरी झाली, अपेंडिक्स काढलं, चार दिवसांत घरी. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे जिथे खूप थकलेली, आजारी किंवा अपंग माणसं महिनोन्‌महिने, कित्येकदा शेवटपर्यंत राहतात. म्हणून त्यांच्यासाठी मी आज 'पेशंट' न म्हणता 'रहिवासी' हा शब्द वापरणार आहे.

ही नर्सिंग होम आली कुठून? १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. गरीब वृद्धांना रोख मदत मिळू लागली, पण त्यात एक अट होती: सरकारी अनाथालयवजा संस्थांमध्ये राहणाऱ्यांना ती मिळणार नाही. त्या संस्थांची अवस्था फार वाईट होती आणि त्या बंद पडाव्यात असा हेतू होता. झालं असं की म्हातारी माणसं मदतीचे पैसे घेऊन खासगी घरांमध्ये राहायला गेली आणि त्यातूनच हा व्यवसाय वाढला.

२३ नोव्हेंबर १९६३ ला पहाटे ओहायो राज्यातल्या फिचव्हिलजवळच्या 'गोल्डन एज' नावाच्या नर्सिंग होमला आग लागली. ६३ रहिवासी गेले. तारीख परत एकदा ऐका. आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. सगळा देश त्या बातमीत बुडालेला असताना या ६३ माणसांकडे बघायला कुणाला वेळ होता?

दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना आल्या. मेडिकेडमधून गरीब रहिवाशांचा खर्च सरकार देऊ लागलं आणि नर्सिंग होम भराभर वाढली. पैसे सरकार देणार, इमारत मालकाची, आणि आत राहणाऱ्याला विचारणारं कुणीच नाही, अशी एकूण रचना झाली.

यानंतरचा भाग तर आपल्या वयाच्या, खरं म्हणजे आपल्याहून लहान मुलींचा आहे. १९७० च्या उन्हाळ्यात ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांच्या एका अभ्यासगटात, नुकतीच शाळा संपवलेल्या काही मुली सामील झाल्या. गटाची प्रमुख होती क्लेअर टाउनसेंड. त्यांनी नर्सिंग होममध्ये जाऊन प्रत्यक्ष काम केलं, आत काय चालतं ते पाहिलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक निघालं.

दबाव वाढत होता. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सुधारणांची घोषणा केली आणि १९७२ पासून काही राज्यांत प्रयोग म्हणून 'ऑम्बड्समन' नेमले गेले. ऑम्बड्समन म्हणजे रहिवाशाची तक्रार ऐकून, त्याच्या बाजूने उभं राहून ती सोडवणारा माणूस. १९७८ मध्ये प्रत्येक राज्याला ही व्यवस्था बंधनकारक झाली. १९७५ मध्ये एल्मा होल्डर या कार्यकर्तीच्या पुढाकाराने वेगवेगळ्या राज्यांतले छोटे छोटे नागरिक गट एकत्र आले आणि एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत 'रहिवासी हक्क महिना' साजरा होतो, त्याचं मूळही याच संघटनेच्या १९८१ च्या वार्षिक अधिवेशनात आहे. त्या अधिवेशनात रहिवासी स्वतः बोलले होते.

नेमकं त्याच सुमारास रेगन सरकारने नर्सिंग होमवरचे नियम सैल करायचं ठरवलं. त्यावर इतका गदारोळ झाला की शेवटी हा प्रश्न 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या संस्थेकडे अभ्यासाला गेला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तोपर्यंतची तपासणी कशी होती? कागद बघायचे. नोंदवही आहे का, इतक्या चौरस फुटांची खोली आहे का, आहारतज्ज्ञाची सही आहे का. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हा प्रकार लगेच ओळखीचा वाटला. सगळ्या टेस्ट पास, आणि वापरणारा माणूस मात्र हैराण! एल्मा होल्डरच्या संघटनेने १९८५ मध्ये साधी गोष्ट केली. १५ शहरांतल्या ४०० हून जास्त रहिवाशांना थेट विचारलं की चांगली काळजी म्हणजे तुमच्या मते काय?

त्यांनी मशीन आणि औषधांच्या आधी माणसांबद्दल सांगितलं. काम करणारे आपल्याशी कसे बोलतात, कसे वागतात. मग जेवणात निवड असावी, दिवस कसा घालवायचा यात आपलं काही चालावं. म्हणजे तेच, सुरुवातीचे आपले चहा-आंघोळीचे प्रश्न.

इन्स्टिट्यूटच्या समितीचे अध्यक्ष डॉ. सिडनी कॅट्झ होते. आंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं माणूस स्वतः किती करू शकतो हे मोजायची जगभर वापरली जाणारी पद्धत त्यांचीच. समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला. आणि २२ डिसेंबर १९८७ ला 'नर्सिंग होम सुधारणा कायदा' झाला. सही कुणाची? ज्यांच्या सरकारला नियम सैल करायचे होते, त्याच रेगन यांची.

या कायद्याने रहिवाशाला काय दिलं? उपचाराची गरज नसताना बांधून किंवा औषधाने गुंगीत ठेवायचं नाही. डॉक्टर निवडायचा, आपल्या काळजीची योजना ठरवताना बसायचा हक्क. खासगीपणा. भेटायला येणाऱ्यांना भेटायचा हक्क. तक्रार केली म्हणून सूड घ्यायचा नाही. सहसा ३० दिवसांची नोटीस दिल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. रहिवाशांना आपली परिषद भरवता येईल. आणि तपासणीला येणाऱ्यांनी कागदांसोबत रहिवाशांशीही बोलायचं.

फरक पडला का? कायद्याच्या आधी साधारण ४० टक्के रहिवाशांना पट्ट्यांनी खुर्चीला किंवा पलंगाला बांधलं जात असल्याचा अंदाज होता. 'पडू नयेत म्हणून', असं कारण दिलं जायचं. साधारण वीस वर्षांनी हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. पण पट्टे सुटले तरी गुंगीच्या गोळ्या राहिल्याच. त्या कमी करायला २०१२ मध्ये सरकारला वेगळी मोहीम काढावी लागली. आणि मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा संसर्ग टाळण्यासाठी भेटी बंद झाल्या. कित्येकांनी आपली माणसं महिनोन्‌महिने खिडकीच्या काचेतूनच पाहिली. कागदावरचा हक्क एका पत्रकाने थांबू शकतो, हे तेव्हा दिसलं.

आपल्याकडे काय? २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात मुलांची जबाबदारी सविस्तर आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० गरजू ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार काढू शकतं, तिथल्या सेवांचा दर्जा ठरवू शकतं, हेही आहे. पण आत राहणाऱ्याच्या हक्कांची अशी यादी मूळ कायद्यात नाही. आपण वृद्धाश्रमाबद्दल बोलताना एकतर मुलांना शिव्या घालतो, नाहीतर चालवणाऱ्यांच्या सेवाभावाचं कौतुक करतो. सेवा करणाऱ्याला प्रश्न विचारणं आपल्याला कृतघ्नपणाचं वाटतं. ती १९८५ ची ४०० माणसं आपली सेवा करणाऱ्यांबद्दलच बोलत होती, आणि त्यात कृतघ्नपणा काहीच नव्हता.

म्हणून एक छोटं काम. तुमचे आजी-आजोबा, मावशी, शेजारचे काका कुणी अशा ठिकाणी राहत असतील, किंवा उद्या राहायला जाणार असतील, तर ऑफिसात फी आणि खोलीची चौकशी झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा. इथे उठायची वेळ कोण ठरवतं? रहिवाशांची स्वतःची बैठक होते का? तक्रार केली तर ती ऐकणारा बाहेरचा माणूस कोण? आणि मग ऑफिसातून उठून त्यांच्या खोलीत जा, खुर्ची ओढून बसा आणि हेच तीन प्रश्न त्यांनाही विचारा. दोन्हीकडची उत्तरं सारखी येतात का, ते मला जरूर कळवा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!