लाईन तं चालू आहे न, भाऊ!

तर मंडळी, गोष्ट गेल्या मे महिन्यातली. पुण्याची खोली सोडून दारव्ह्याला घरी येऊन मला चार महिने झाले होते. बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला, उजवा हात अजून नीट उचलत नव्हता. आई एकटी किती करणार? कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली की प्रॉडक्शन सपोर्टच्या वेळेत मी ऑनलाईन सापडलोच पाहिजे. आणि नेमकं त्याच वेळेत आमचं ब्रॉडबँड दगा द्यायचं. भर मीटिंगमध्ये मी गायब. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मॅनेजर शांतपणे म्हणाला, "बघ बाबा, तिकडे जमत नसेल तर परत यावं लागेल." आमच्यासाठी तो प्रश्न नुसत्या इंटरनेटचा नव्हता.

तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला लाईनमन यायचा. चांगला मुलगा, कधी टाळाटाळ नाही. मीटर लावायचा आणि म्हणायचा, "लाईन तं चालू आहे न, भाऊ!" आणि खरंच चालू असायची! तो गेला की दुपारी अडीचला फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. संध्याकाळी सगळं आपोआप ठीक. एकदा तर मी त्याच्यावर ओरडलो. नंतर लाज वाटली. तो खोटं बोलत नव्हता, मीही नव्हतो.

त्या वैतागात एक प्रश्न डोक्यात बसला. पूर्णपणे तुटलेली तार शोधणं सोपं, पण कधी चालते कधी नाही अशा तारेतला दोष लोक शोधायचे कसे? आणि तेही कॉम्प्युटर नसताना? शनिवार-रविवार त्यावर वाचत बसलो. जे सापडलं ते इतकं रंजक निघालं की माझं इंटरनेट शेवटी त्यातूनच दुरुस्त झालं.

सुरुवात थेट तारखात्यापासून. विल्यम ओशॉनेसी हा पेशाने डॉक्टर. त्याने १८३९ मध्ये कलकत्त्यात तारेचे पहिले प्रयोग केले. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाईन सुरू झाली आणि १८५४ मध्ये कलकत्ता ते आग्रा ही सुमारे ८०० मैलांची लाईन उभी राहिली. विलायतेतलं तंत्र इथे जसंच्या तसं चालणार नाही हे त्याला लवकर कळलं. इथे मुसळधार पाऊस, वादळं, लाकूड खाणारी वाळवी आणि तारेला लोंबकळणारी माकडं. म्हणून त्याने बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. आमच्याकडे आजही वानरं फायबरवरून झोके घेत जातात, त्यामुळे हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं :-)

आपल्या भागात ही तार इतकी महत्त्वाची का झाली? कापूस! १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. (यवतमाळ जिल्ह्याला पूर्वी वणी जिल्हा म्हणत, १९०५ मध्ये नाव बदललं.) १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन केलं. त्याच वर्षी मुंबई ते लंडन अशी समुद्राखालून जाणारी तारही पूर्ण झाली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची 'शकुंतला' आली, दारव्ह्यावरून जाणारी. तीही कापसासाठीच. गाडी आता बंद आहे, रूळ तेवढे दिसतात. सांगायचा मुद्दा असा, की इथल्या कापसाचा भाव लिव्हरपूलशी बांधला गेला आणि ती गाठ होती तारेची. तार बंद म्हणजे भाव कळायचा बंद.

आता विचार करा. दोन तारऑफिसांमध्ये ६० मैल जंगल आणि काळी माती. तार बिघडली. माणूस पाठवून खांबन् खांब तपासायचा तर आठवडा जाणार. मग खुर्चीत बसून दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं?

त्याचं उत्तर देणारी युक्ती मला फार आवडली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला व्हीटस्टन ब्रिज सगळ्यांनीच घोकलेला असतो. मुळात तो सॅम्युअल ख्रिस्तीने १८३३ मध्ये मांडला आणि व्हीटस्टनने १८४३ मध्ये लोकांपुढे आणला. आम्ही मार्कांसाठी पाठ केला आणि विसरलो. कशासाठी वापरायचा हे कोणी सांगितलंच नाही! समजा, त्याच खांबांवर दोन तारा आहेत, एक चांगली आणि एक कुठेतरी जमिनीला गळणारी. पलीकडच्या ऑफिसला सांगायचं, दोन्ही टोकं जोडा. झाला १२० मैलांचा फेरा. आता ब्रिजवर तोल साधायचा. समजा, प्रमाण आलं १ ला ३. म्हणजे एका बाजूने ३० मैल, दुसऱ्या बाजूने ९०. दोष तिसाव्या मैलाला! गळती मोठी की छोटी याने उत्तर बदलत नाही, हे त्यातलं खरं सौंदर्य. हीच मरे लूप टेस्ट.

पण ही चाचणी करायला दोष त्या वेळी हजर तर हवा? पहाटेच्या दवाने चिनी मातीचे इन्सुलेटर ओले होतात, वीज गळते. ऊन चढलं की सगळं कोरडं आणि 'लाईन तं चालू आहे'. म्हणजे माझंच दुखणं, फक्त वेळ उलटी.

इथे आणखी एक माणूस भेटला, लुई श्वेंडलर. हा जर्मन विद्युततज्ज्ञ हिंदुस्थानच्या तारखात्यात होता. लाईनच्या चाचण्या कशा घ्याव्यात यावर त्याने सरकारसाठी दोन खंडांचं पुस्तक लिहिलं, १८७८ आणि १८८० मध्ये लंडनला छापलेलं. (कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाची सुरुवातही बरीचशी याच्या खासगी प्राण्यांवर झाली. काय एकेक माणसं!) त्याच्या कामाचं मर्म मला असं कळलं: तार बिघडल्यावर मोजू नका, चांगली असतानाही मोजा. ठरल्या वेळी मोजा आणि लिहून ठेवा. तापमानही धरा, कारण धातू तापला की त्याचा रोध वाढतो. निरोगी तारेचा आकडाच माहीत नसेल, तर आजारी तार ओळखणार कशी?

हे वाचलं आणि मान वर केली तर समोर भिंतीवर बाबांचं कॅलेंडर. बाबा शाळेत मास्तर होते. वर्षानुवर्षं रोजचा पाऊस आणि कापसाचा भाव कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची त्यांची सवय. झटक्यानंतर ते चौकोन कोरे होते. मी स्वतःला म्हटलं, लेका, तू इंजिनिअर, आणि तुझ्याकडे तक्रारीशिवाय एक आकडा नाही!

मग कामाला लागलो. आधी वायफायला संशयितांच्या यादीतून काढलं, लॅपटॉप केबलने थेट जोडला. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला तीन ठिकाणी पिंग: घरचा राउटर, कंपनीचं पहिलं गेटवे आणि दूरचा एक सर्व्हर. पहिला चालू आणि बाकी दोन बंद म्हणजे दोष घराबाहेर. सोबत फायबरच्या डब्याला मिळणाऱ्या प्रकाशाची ताकदही नोंदवली. त्याच्या सेटिंगच्या पानावर तो आकडा डीबीएममध्ये दिसतो. साधारण उणे २७ च्या खाली गेला की डब्याला प्रकाश पुरत नाही.

आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी उणे २३. दुपारी बारापासून घसरण. अडीचला उणे २७ च्या पलीकडे आणि लाल दिवा. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे सकाळच्या निम्म्याहूनही कमी उरत होता. ज्या दिवशी ढग होते त्या दिवशी काहीच झालं नाही. आता दोष उन्हाशी बांधलेला आहे हे नक्की.

पण जागा कुठली? फायबरसाठी ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. प्रकाशाची चमक सोडायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून १० मायक्रोसेकंदांनी आलेला प्रतिध्वनी म्हणजे दोष १ किलोमीटरवर. झकास! पण ते महाग यंत्र ना माझ्याकडे, ना लाईनमनकडे. मग जुनीच रीत वापरली. तारवाले मधल्या ऑफिसांना एकेक करून तपासायला लावत आणि दोष दोन ऑफिसांमध्ये कोंडत. माझी मधली ऑफिसं म्हणजे शेजारी. गल्लीतल्या दोन काकूंकडे आणि चौकातल्या किराणा दुकानात जाऊन दुपारी त्यांचे आकडे बघितले. गल्लीतल्या तिन्ही घरांत एकाच वेळी तेवढीच घसरण. चौकातलं दुकान ठणठणीत. म्हणजे दोष आमच्या घराच्या वायरीत नाही आणि चौकातही नाही. मध्ये काय आहे? बंद दुकानाच्या टिनाच्या छपरावर बसवलेला, आमच्या गल्लीला वाटणी करणारा डबा.

लाईनमनला फोन केला, पण या वेळी तक्रार केली नाही. म्हटलं, "दादा, आधीचं माफ करा. एकदा दुपारी अडीचला याल का?" तो आला. कागदावरचा आलेख बघून गप्पच झाला. मग म्हणाला, "आमाले सकायच्याच पारीत पाठवते, भाऊ. दुपारचं कोन पाहाते?" शिडी लावून टिनावर चढला. डबा हात लावू देईना इतका तापलेला. आत घाईने बसवलेला एक जोड होता. तो बोटाने जरा दाबला आणि खाली माझ्या लॅपटॉपवर आकडा टुणकन वर गेला. उष्णतेने जोड हलायचा, काचेची टोकं सरकायची, प्रकाश सांडायचा. रात्री गार झालं की पुन्हा जागेवर. दोन दिवसांनी त्याने यंत्र आणून फायबर वितळवून पक्का जोड दिला आणि डबा लिंबाच्या सावलीतल्या भिंतीवर हलवला. तेव्हापासून चोवीस तास उणे २१.

तारेचं युग संपलं. १४ जुलै २०१३ हा तार स्वीकारायचा शेवटचा दिवस. लोखंडाची जागा तांब्याने घेतली, तांब्याची काचेने. पण 'तुमच्याकडून बंद, आमच्याकडून चालू' हे भांडण तसंच राहिलं. दोन प्रामाणिक माणसं दोन वेगळ्या वेळी एकच तार बघतात आणि एकमेकांना खोटं ठरवतात. आवाज चढवून ते मिटत नाही. दोघांना एकाच वेळेवर आणून उभं करते ती नोंद.

असो. फार लांबलं. मी अजून दारव्ह्यालाच आहे. आणि हो, बाबांनी परवा डाव्या हाताने कॅलेंडरच्या चौकोनात काहीतरी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचता आलं: 'पाऊस नाही. नेट चालू.'