रानाने जखम भरली का?

थिओडोर रूझवेल्टची ही गोष्ट वर्षानुवर्षं एकाच चालीवर सांगितली जाते. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी न्यूयॉर्कच्या घरात पहाटे त्याची आई विषमज्वराने गेली आणि दुपारी त्याच छपराखाली पत्नी ॲलिस मूत्रपिंडाच्या विकाराने. मुलगी जन्माला येऊन दोनच दिवस झाले होते. पंचवीस वर्षांच्या रूझवेल्टने त्या दिवशी रोजनिशीत मोठी फुली मारली आणि खाली एकच वाक्य लिहिलं. मग तो डाकोटाच्या बॅडलँड्समध्ये गेला, गुरं राखली, भूतकाळाला क्षमा केली आणि नवा माणूस होऊन परतला, असं म्हणतात. नॉर्थ डाकोटातले दिवस नसते तर आपण राष्ट्राध्यक्ष झालोच नसतो, हे तर तो स्वतःच पुढे म्हणाला. या पूर्वपक्षाला एवढा भक्कम साक्षीदार मिळालेला आहे.

पण साक्ष नेमकी कशाची आहे? राष्ट्राध्यक्ष होण्याची. क्षमेचा त्यात उल्लेखही नाही.

मुळात हा गुरांचा धंदा दुःखातून सुरू झाला नव्हता. १८८३च्या सप्टेंबरात तो गव्यांच्या शिकारीला तिकडे गेला आणि परतण्यापूर्वीच १४,००० डॉलर गुरांत गुंतवून आला. तेव्हा ॲलिस हयात होती. दुसरं म्हणजे, तो तिथे सलग कधी राहिलाच नाही. रेल्वेने न्यूयॉर्कच्या फेऱ्या चालूच होत्या.

एल्कहॉर्न या त्याच्या दुसऱ्या रँचवरचा एक प्रसंग मला निर्णायक वाटतो. घर बांधायला आणि गुरं सांभाळायला त्याने मेन राज्यातून बिल स्यूअल या जुन्या वाटाड्याला आणलं होतं. आपलं काय होतं याची आता फिकीर नाही, असं रूझवेल्ट त्याच्यापाशी बोलला. स्यूअलने सरळ सांगितलं, तुला मुलीसाठी जगायला हवं. यावर रूझवेल्टचं उत्तर असं, की मुलीला माझी बहीण माझ्यापेक्षा चांगलं सांभाळेल. स्यूअलने ही आठवण पुढे लिहून ठेवली. वाटाड्याला जे दिसत होतं ते बापाला दिसत नव्हतं. पोर याच बहिणीकडे, बामीआत्याकडे, वाढत होती. ॲलिस हे आईचंच नाव तिला दिलेलं, पण ते बापाच्या तोंडून निघत नसे. पत्रांत ती ‘बेबी ली’.

कुणी म्हणेल, त्या काळची शोक करण्याची रीतच मुकी होती. मला हे पटत नाही. पत्नीच्या स्मरणार्थ त्याने त्याच वर्षी एक पुस्तिका खाजगीरीत्या छापली होती, म्हणजे शब्द त्याच्याजवळ होते. त्यानंतर मात्र त्याने दार लावून घेतलं. १९१३च्या आत्मचरित्रात रँचवर सबंध प्रकरण आहे, पहिल्या पत्नीचं नाव कुठेही नाही. वडिलांनी आपल्यापाशी आईचा विषय कधीच काढला नाही, असं मुलगी म्हातारपणी सांगत असे. ज्याला क्षमा केली त्याचं नाव घेता येतं. इथे नावच गिळलेलं आहे, आणि त्याची किंमत त्या पोरीने मोजली.

मग रँचने काहीच दिलं नाही का? पुष्कळ दिलं. कष्टाने शरीर घडलं, दम्याने बेजार झालेला माणूस काटक झाला. शिवाय १८८६-८७च्या हिवाळ्याने त्याला हिशेब शिकवला. आदल्या कोरड्या उन्हाळ्यात, अतोनात गुरं सोडलेली कुरणं उघडी पडली होती. त्यावर बर्फाचा थर बसला, गुरांना खालचं गवत खुराने उकरता येईना. त्याची निम्म्याहून अधिक गुरं मेली. माळ अक्षय नसतो, हे त्याला असं कळलं. राष्ट्राध्यक्ष म्हणून पुढे त्याने सुमारे २३ कोटी एकर जमीन संरक्षणाखाली आणली, त्याचं एक मूळ या मेलेल्या गुरांत आहे. रानाने त्याला रानाबद्दल शिकवलं. घराबद्दल शिकवणं हे रानाचं कामच नव्हतं.

आपल्याकडेही घरातला माणूस गेला की लोक कळवळ्याने सांगतात, गावी जा, शेतात राब, मन हलकं होईल. हलकं होतंही, झोप लागते. पण मागे राहिलेल्या पोराशी बोलायचं काम तसंच पडून राहतं.

डिसेंबर १८८६मध्ये रूझवेल्टने लंडनला एडिथ कॅरोशी लग्न केलं. बॅडलँड्समधले बहुतेक दिवस तोवर मागे पडले होते, आणि तरीही मुलीला कायमची बहिणीकडे ठेवायला तो तयार होता. तिला घरी आणायचंच, हा आग्रह एडिथने धरला.