दिवसाची लाईट, रात्रीची साखर

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वी साखर म्हटलं की कारखाना डोळ्यापुढं यायचा. आता 'साखर किती हाय?' असं विचारलं की माणूस रक्ताचा आकडा सांगतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, तुम्ही गोड फार खाता. ते मला अर्धंच खरं वाटतं. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली. म्हणजे गूळ आमच्या आज्या-पणज्यांच्या जेवणातही होता.

महाराजांनी तालमींना बळ दिलं, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. १९५९ साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे कोल्हापुरातच घडले. पैलवानांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. पण पहाटे उठून जोर-बैठका, तांबड्या मातीत लढत, दुपारी झोप, सांजेला परत मेहनत आणि रात्री लवकर अंथरूण, ही घडी मोडायची न्हाई, हा वस्तादाचा दंडक. तालीम सुटली आणि खुराक तेवढाच राहिला, की गडी सुटायचा. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

कुळंब्याच्या घरातही तशीच घडी होती. कोंबड्याला उठायचं, धार काढायची, बैलं जुंपायची. ऊन तापायच्या आत बांधावर भाकरी, कांदा, ताक. दिवेलागणीला जेवण. रॉकेल महाग, मग जागायचं कशाला?

पुढं विहिरीवर मोट जाऊन मोटर आली. पाणी वाढलं, ऊस वाढला, पोरं शिकली. हे उपकार विसरून चालणार न्हाई. पण शेतीची लाईट पाळीनं येऊ लागली. रात्रीची पाळी असली की बॅटरी घेऊन पाणी पाजायला जायचं, साप-विंचवाला भ्यायचं. दोन वाजता घरी येऊन चहा, चपाती, आणि उजाडल्यावर झोप. त्यात चालणं गेलं, मोटारसायकल आली.

शरीराला आतलं घड्याळ असतं. ते कसं चालतं हे फळांवरच्या माश्यांवर शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. रात्री शरीर झोपेच्या तयारीला लागतं, इन्सुलिन नीट काम करत न्हाई, आणि तेव्हा खाल्लेल्याची साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते. त्याच २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना काढली. तरी २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसा दहा तास वीज मागायला स्वाभिमानी शेतकरी संघटनेला कोल्हापुरात धरणं धरावं लागलं. लोकांना ते बिलाचं-पिकाचं भांडण वाटलं. मला ते तब्येतीचंही वाटतं.

घडी पुरती मोडली असंही न्हाई. दूध संस्थेची वेळ ठरलेली, म्हणून म्हशीची धार आजही सकाळ-संध्याकाळ ठरल्या वक्ताला निघते. वेळ चुकली की म्हैस पान्हा चोरते, हे आपण जाणतो. तेवढं आपल्या पोटाचंही जाणावं. जेवण दिवेलागणीला घ्यावं, रानात चालत जावं, डॉक्टरची गोळी चुकवू नये. आणि दिवसाच्या लाईटचा हट्ट सोडू नये, कारण रात्रपाळीच्या शेतकऱ्याला 'लवकर झोप' म्हणून सांगणं ही थट्टाच हाय.