आठ मिलिग्रॅम प्रथिन

रक्त गाळून निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम, एवढे आपण शाळेत शिकतो व मुलांना शिकवितोही. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी केवळ विषारी द्रव्यांच्या साठ्यानेच खंगत नाही. त्याचे रक्तही आटत जाते. असे का व्हावे, या प्रश्नाशी निगडित असलेल्या शोधात शिकागो विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ यूजीन गोल्डवॉसर यांचे बहुतेक आयुष्य खर्ची पडले.

तांबडे रक्तकण वाढविणारे एखादे द्रव्य रक्तात असावे, असे फ्रान्समध्ये कार्नो व देफ्लांद्र यांनी १९०६ मध्येच मांडले होते. पुढे त्यास ‘एरिथ्रोपोएटिन’ हे नाव मिळाले. वस्तू मात्र कोणाच्या हाती आली नव्हती. १९५५ मध्ये लिऑन जेकबसन या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून गोल्डवॉसर कामास लागले. काही महिन्यांत उरकेल, असा त्यांचा अंदाज होता!

उंदरांचे एकेक अवयव काढून पाहता पाहता, मूत्रपिंडे काढली की हे द्रव्य तयार होईनासे होते, असे आढळले. १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. खरे कष्ट त्यानंतरचे. हे प्रथिन रक्तात इतके अल्प, की इतर प्रथिनांच्या गर्दीतून ते निवडणे म्हणजे वाळूच्या ढिगातून एक विशिष्ट कण वेचणे होय. दर टप्प्याला मिळालेला अंश उंदरांना टोचावयाचा, किरणोत्सर्गी लोह त्यांच्या नव्या रक्तकणांत किती उतरले ते मोजावयाचे, आणि मगच पुढे जावयाचे. औषध देऊन मेंढ्यांना पांडुरोगी करावे, त्यांचे रक्त गोळा करावे, असे वर्षानुवर्षे चालले. हाती आले ते नखाएवढेही नव्हे.

मार्ग दाखविला तो जपानमधील कुमामोतोच्या ताकाजी मियाके यांनी. काही रोग्यांच्या अस्थींतील मज्जा रक्तकण घडवीनाशी होते. मूत्रपिंडे मात्र तिला सारखी हाक घालीत राहतात, आणि हे प्रथिन इतके तयार करतात की त्यातील काही मूत्रात उतरते. मियाके यांनी अशा रोग्यांचे २,५५० लिटर मूत्र जमविले, आटविले, आणि १९७५ च्या अखेरीस तो कोरडा साठा रेशमी वस्त्रात बांधून शिकागोस आणला. आपण ज्यास अमंगळ म्हणून नाक मुरडतो, त्यातून १९७७ मध्ये ८ मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन निघाले.

त्यातील काही भाग गोल्डवॉसर यांनी अ‍ॅम्जेन या नवख्या कंपनीस दिला. तेथे फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये त्याचे जनुक शोधून काढले, आणि मग चिनी हॅम्स्टरच्या पेशी हे प्रथिन हवे तेवढे घडवू लागल्या. कंपनीने त्यावर अब्जावधी डॉलर मिळविले. शिकागोच्या शोधाचे पेटंट मात्र कोणी घेतलेच नव्हते. ही निःस्पृहता म्हणावी की कचेरीची ढिलाई? मला तरी ढिलाईच वाटते. गोल्डवॉसर २०१० मध्ये निवर्तले.

डायलिसिसने रोगी जगत असे. पण वरचेवर दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागे व त्याबरोबर कावीळही घरात येई. १९८७ मध्ये २५ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. पुरेशी मात्रा मिळालेल्यांपैकी ज्या १२ जणांना पूर्वी रक्त चढवावे लागे, त्यांना ते लागेनासे झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली, आणि आज आपल्याकडील डायलिसिस केंद्रांतही त्याचे इंजेक्शन नित्य दिले जाते.