मिरजेचा तंबोरा : भोपळा, घोडी आणि एक दोरा

तंबोऱ्याचा भोपळा एवढा मोठा का असतो, असे एखाद्या मुलाने वर्गात विचारले तर आपण काय सांगू? 'आवाज मोठा व्हावा म्हणून' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पूर्ण उत्तर शोधायला आम्हा गारगोटीकरांना फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूरवरून पुढे गेले की शंभरेक किलोमीटरवर मिरज लागते. सतार आणि तंबोरा घडवणाऱ्यांचे हे गाव. तेथील कारागिरीचा इतिहास विज्ञानाच्या शिक्षकाने वाचावा असा आहे.

या इतिहासाची सुरुवात वाद्यांपासून नव्हे, तलवारींपासून होते. शिकलगार म्हणजे शस्त्रे घासून-पुसून त्यांना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी शस्त्रांची मागणी घटली आणि या कुटुंबांचे काम गेले. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन होते. दरबारात गवई येत, पण वाद्य बिघडले तर दुरुस्त करणारे जवळपास कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन यांच्याकडे आले. दुरुस्तीसाठी वाद्य उघडावे लागते आणि उघडले की त्याची रचना कळते. दुरुस्ती करता करता हे कारागीर नवी वाद्ये घडवू लागले आणि पुढे 'सतारमेकर' हेच त्यांचे आडनाव झाले. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. असा चोखंदळ कान शेजारी असल्याचा कारागिरांना फायदाच झाला असणार.

आता वाद्याकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू जातीचा. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या खोऱ्यातून येतो. तो महिनोन् महिने वाळवतात, कापतात, आणि त्याच्या तोंडावर तूण लाकडाची पातळ, किंचित फुगीर तबली बसवतात. मर्दानी तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर चार फुटांच्या वर जातो. जनानी तंबोरा त्याहून लहान असतो. हा फरक का? काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला सुमारे ७० वेळा कंप पावते. बारीक तार एकटी हवेला फारशी हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून तबलीत उतरतात आणि तबलीचा मोठा पृष्ठभाग हवा हलवतो. स्वर जितका खालचा, तितका मोठा पृष्ठभाग आणि मोठी पोकळी उपयोगी पडते.

हाच विचार जगात इतरत्रही दिसतो. अमेरिकेत १९३७ साली गिब्सन कंपनीने गायक-नट रे व्हिटली यांच्यासाठी 'सुपर जम्बो' गिटार बनवली. तिच्या तळाकडील भागाची रुंदी सुमारे १७ इंच होती. त्या काळातील अशा गिटारींसाठी शौकीन आज मोठी किंमत मोजतात. आपल्याकडेही जुन्या मिरजी तंबोऱ्यांच्या जोड्या गवई जिवापाड जपतात.

पण जुने वाद्य खरेच चांगले वाजते का? लाकडातील हेमिसेल्युलोज हा घटक वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होतो. त्यामुळे लाकूड हवेतील ओलावा कमी शोषते आणि त्यातील कंपने जरा जास्त वेळ टिकतात. म्हणजे या समजुतीला काही आधार आहे. मात्र क्लाउडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांनी २०१० आणि २०१२ साली केलेल्या चाचण्यांत, वाद्य दिसू दिले नाही तेव्हा बहुतेक निष्णात व्हायोलिनवादकांनी स्ट्राडिव्हारीसारख्या जुन्या वाद्यांपेक्षा नवी वाद्ये पसंत केली. शिवाय वाईट वाद्ये कोणी शंभर वर्षे सांभाळत नाही, हेही लक्षात घ्यावे. उरली ती निवडलेलीच.

तंबोऱ्याच्या बाबतीत तर वयापेक्षा घोडी महत्त्वाची. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू येतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा यंगचा नियम आहे. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गळायला हवेत. तंबोऱ्यात ते स्पष्ट ऐकू येतात, असे रामन यांना आढळले. कारण घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो. कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि गळालेले उपस्वर नव्याने निर्माण होतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती किंवा रेशमी दोरा हा स्पर्श नेमका कोठे व्हावा ते ठरवतो. यालाच आपण जवारी लागणे म्हणतो.

पूर्वी घोडीसाठी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि त्याच्या दुरुस्त्यांनंतर इतर पदार्थ आले. पदार्थ कोणताही असो, तारेच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि जवारी बिघडते. मग कारागीर कानसेने घोडी घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. किती घासावे याचे कोष्टक नाही. म्हणून जुन्या तंबोऱ्याचा आवाज 'टिकतो' असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात कोणीतरी तो वेळोवेळी नव्याने घडवत असते.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले. पण आता अनेक वर्गांत आणि मैफलींत इलेक्ट्रॉनिक तंबोरा वाजतो, आणि त्याला जवारी लावावी लागत नाही. जवारीचे काम कमी झाले तर ते शिकणारा कान आणि हातही कमी होणार. ज्या दुरुस्तीतून ही विद्या मिरजेत जन्मली, तीच थांबली तर ती जाईल.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. फळीवर पोलादी तार ताणा. एका टोकाला घोडी म्हणून उभ्या चिरलेल्या बांबूचा गुळगुळीत तुकडा, गोल बाजू वर करून ठेवा. तार छेडत, तिच्याखाली दोरा अगदी हळू पुढे-मागे सरकवा. एका जागी तार एकदम झणकारू लागेल. ती जागा मुलांनाच शोधू द्यावी.