चार्ली पॅटन: तबकडीतला आणि तबकडीबाहेरचा

१४ जून १९२९ रोजी इंडियाना राज्यातील रिचमंड गावी, गेनेट कंपनीच्या स्टुडिओत, मिसिसिपीहून आलेल्या एका गायकाने पॅरामाउंट कंपनीसाठी चौदा गाणी ध्वनिमुद्रित केली. चार्ली पॅटन तेव्हा चाळिशीच्या जवळ आला होता. मळ्यांवरच्या नाचरात्री गाजवण्यात त्याची वीसेक वर्षे गेली होती. पुढे पाच वर्षांच्या आत, २८ एप्रिल १९३४ला, तो वारला. त्याच्या नावे आज ऐकायला मिळतात त्या तबकड्यांच्या सुमारे पन्नास-पंचावन्न बाजू. एवढ्याच. आरंभीच्या ब्लूजचा अभ्यास करू पाहणाऱ्याने सुरुवात याच बाजूंपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयातले जवळजवळ सगळे अवघड प्रश्न याच एका माणसापाशी येऊन भेटतात.

त्यातला पहिला प्रश्न प्रभावाचा. पॅटनचा प्रभाव आपण एकच समजतो, पण तो दोन वाटांनी गेला आणि त्या दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे.

पहिली वाट मिसिसिपी डेल्टातल्या डॉकरी मळ्यावरून जाते. हा डेल्टा म्हणजे नदीचे मुख नव्हे. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला, पुराच्या गाळाने सुपीक झालेला तो सपाट प्रदेश. तिथे १८९५मध्ये विल डॉकरीने कापसाचा मळा उभारला. वाट्याने शेती करणारी शेकडो कृष्णवर्णीय कुळे तिथे राहत. पॅटनचे कुटुंब याच मळ्यावर आले आणि तिथल्याच हेन्री स्लोन नावाच्या वादकाकडून चार्ली शिकला. स्लोनचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही, म्हणजे परंपरेच्या मुळाशी असलेला माणूस आपल्याला फक्त त्याच्या शिष्यामधून ऐकू येतो. पॅटनच्या सहवासात विली ब्राऊन आणि टॉमी जॉन्सन घडले. पुढे रॉबर्ट जॉन्सनने विली ब्राऊन आणि सन हाऊस यांच्याकडून हेच वळण उचलले. चेस्टर बर्नेट नावाचा एक धिप्पाड तरुण १९३०च्या सुमारास पॅटनपाशी बसून गिटार शिकला. जग त्याला हाउलिन वुल्फ म्हणून ओळखते. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सनी आग्रह धरून वुल्फला अमेरिकन दूरचित्रवाणीवर आणले, तेव्हा डॉकरीचा तो खरबरीत घसा लाखो घरांत पोहोचला. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना पॅटन हे नाव माहीत असेल. या वाटेवर तबकडीची गरजच नव्हती. हात पाहून हात शिकत होता.

दुसरी वाट मात्र पूर्णपणे तबकडीची, आणि ती फार खडतर आहे. पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनची कपाटे बनवता बनवता तो कारखाना तबकड्यांकडे वळला. त्या काळी तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातून जाई. पॅरामाउंटचे मिश्रण तर हलक्या प्रतीसाठी कुप्रसिद्ध होते. मंदीत कंपनी बुडाली, मूळ धातूचे साचे बहुतेक नाहीसे झाले. म्हणून आज आपण ऐकतो ती कुणाच्या तरी घरात झिजेपर्यंत वाजलेली प्रत. १९५२मध्ये हॅरी स्मिथने लोकसंगीताचा आपला संग्रह प्रसिद्ध केला. त्यात पॅटनचे एक गाणे होते, पण ‘मास्क्ड मार्व्हल’ या टोपणनावाने. गायक ओळखा, अशी स्पर्धा लावून पॅरामाउंटने ती तबकडी विकली होती. त्यानंतर संग्राहकांनी काढलेल्या लाँग प्लेइंग तबकड्या, जॉन फेहीचे १९७०चे पुस्तक, आणि मिसिसिपीत दारोदार हिंडून तबकड्या आणि मृत्युदाखले शोधणारा गेल डीन वॉर्डलो, यांच्यामुळे पॅटन पुन्हा सापडला. वॉर्डलोचे काम मला विशेष मोलाचे वाटते. ज्या माणसाच्या थडग्यावर १९९१पर्यंत शिळा नव्हती, त्याला त्याने तारखा आणि गावे मिळवून दिली.

या दोन वाटा एकमेकींत मिसळू देऊ नयेत. मिसळल्या की पॅटन सगळ्यांचा मूळपुरुष होऊन बसतो, आणि त्याच मळ्यांवर वाजवणारे, पण ध्वनिमुद्रणाची संधी न मिळालेले वादक इतिहासातून गळतात. शिवाय तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. नाचाच्या रात्री तेच गाणे कितीतरी वेळ चाले. न्यूयॉर्कला १९३४मध्ये झालेल्या शेवटच्या ध्वनिमुद्रणातली निम्म्याहून अधिक गाणी तर बाजारात आलीच नाहीत.

आता ऐकण्याविषयी. खरखरीला घाबरू नका. शब्द लगेच कळत नाहीत, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही कळत नाहीत, म्हणून आधी उजवा हात ऐका. पॅटन गिटारच्या खोडावर थापा देतो, तार ओढून सोडतो आणि ती पट्टीवर आपटून वाजते, आणि आघाताची जागा तो सतत हलवत राहतो. ‘अ स्पूनफुल ब्लूज’मध्ये ओळीचा शेवटचा शब्द तो उच्चारतच नाही, तारांवर सरकवलेल्या स्लाइडखालची तार तो पुरा करते. मधेच वेगळ्या आवाजात तो स्वतःशीच बोलतो, जणू समोरच्या गर्दीतून कुणी ओरडावे. हे सारे योजून केलेले आहे. त्याला निव्वळ उत्स्फूर्त, अडाणी गायक ठरवणारे जुने लेखन मला अन्यायाचे वाटते. ‘पोनी ब्लूज’ सलग चार-पाचदा ऐकले की त्यातली कारागिरी आपोआप उघड होते.

त्यानंतर ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ घ्या, दोन्ही बाजू. एप्रिल १९२७मध्ये ग्रीनव्हिलच्या वर नदीचा बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. कृष्णवर्णीय मजुरांना बांधावरच्या छावण्यांत अडकवून कामाला जुंपले गेले. त्या महापुरावर पॅटनने १९२९च्या अखेरीस हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ऐकताना शेजारी नकाशा उघडा ठेवा आणि गावांची नावे एकेक करून शोधा. पहिल्या बाजूवर तो मिसिसिपीतल्या गावांमागून गावे घेत जातो. दुसऱ्या बाजूवर नदी ओलांडून आर्कान्सामध्ये, ब्लाइथव्हिलपर्यंत पोहोचतो.