राजाने ऐकलेला आणि न ऐकलेला सल्ला

आपल्या ख्रिस्तमंदिराच्या ज्युबिलीचा हा मंगल प्रसंग. मंदिर कसे उभारले गेले, कोणी किती श्रम केले, ही हकीकत या पुस्तिकेत इतरत्र आलेलीच आहे; तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. परंतु मंदिर जसे दगडाविटांचे, तसेच ते घराघरांचेही बनलेले असते, आणि घर टिकते ते पतिपत्नींच्या एकमतावर. म्हणून पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका दांपत्याची कथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

जो पुरुष पत्नीस विचारून चालतो त्यास आपल्याकडे 'बाईलबुद्ध्या' म्हणून हिणविण्याची चाल फार जुनी आहे. आपल्यांतील काही शहाणे तर याकरिता पवित्र शास्त्राचाही आधार दाखवितात. आदामाने हव्वेचे ऐकले आणि सारी मनुष्यजात दुःखात पडली, असे ते म्हणतात. पण आदामाचा अपराध कोणता? पत्नी बोलली आणि त्याने ऐकले हा नव्हे. परमेश्वराची आज्ञा मोडण्याविषयी ती बोलली असताही त्याने ऐकले, हा. त्याच उत्पत्तीच्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, अब्राहामास मुळीच न रुचलेली अशी एक गोष्ट सारा सांगते, आणि परमेश्वर स्वतः त्यास तिचे म्हणणे मान्य करावयास लावतो. उलटपक्षी, न्यायासनावर बसलेल्या पिलातास त्याच्या पत्नीने निरोप पाठविला की, त्या नीतिमान पुरुषाच्या वाटेस जाऊ नका. पिलाताने तो मनावर घेतला नाही. पुढे काय झाले हे आम्ही सांगावयास नको. तेव्हा सल्ला स्त्रीचा की पुरुषाचा हा प्रश्नच नव्हे. तो देवाच्या इच्छेस धरून आहे की नाही, एवढीच कसोटी.

आता मूळ कथेकडे वळू. इ. स. १०५८ मध्ये माल्कम हा स्कॉटलंडच्या गादीवर आला. मॅकबेथ या नावाचा राजा इंग्रजी नाटकामुळे पुष्कळांस ठाऊक आहे. त्यास युद्धात ठार करून याने राज्य मिळविले होते. पुरुष शूर, पण कठोर. दक्षिणेकडील इंग्रजांच्या मुलखावर त्याने वारंवार स्वाऱ्या केल्या आणि गावेच्या गावे उजाड केली. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हा तेथील जुन्या राजवंशातील मार्गारेट नावाची राजकन्या आपल्या आप्तांसह त्याच्या आश्रयास आली. सुमारे १०७० साली त्या दोघांचा विवाह झाला.

मार्गारेटचे चरित्र तिच्याच कन्येच्या इच्छेवरून लिहिले गेले. डरॅम येथील मठाचे प्रमुख टर्गो यांनी ते लिहिले असे परंपरेने मानितात. त्यात राजाचे जे चित्र आहे ते मोठे हृद्य आहे. राजास वाचता येत नसे. तरी राणीचे प्रार्थनाग्रंथ तो हाती घेई, न्याहाळी, आणि तिला जो विशेष प्रिय असेल त्याचे चुंबन घेई. कधी सोनाराकडून असा ग्रंथ सोन्यारत्नांनी मढवून तो स्वतः तिच्या हाती देई. आगमनकाळात व उपवासकाळात तीनशे दरिद्री लोकांस राजवाड्यात जेवू घालीत. द्वारे बंद होत, आणि एका पंक्तीस राजा व दुसऱ्या पंक्तीस राणी स्वहस्ते वाढीत. गरिबांसाठी राणी राजाच्या नाण्यांतून गुपचूप काही उचली. राजास ते ठाऊक असे; तरी तो ठाऊक नसल्याचे सोंग करी, आणि एखादे वेळी तिचा हात धरून थट्टेने तिला चोर ठरवी.

तथापि सर्वांत बोलका प्रसंग धर्मसभेचा आहे. स्कॉटलंडमध्ये काही चुकीचे रिवाज रूढ झाले होते. उपवासकाळाचा आरंभ योग्य दिवशी होत नसे. रविवारी लोक सर्रास कामे करीत. सावत्र आईशी किंवा मृत भावाच्या विधवेशी विवाह होत. हे सुधारावे म्हणून राणीने धर्माधिकाऱ्यांच्या सभा भरविल्या. अशा एका सभेत तीन दिवस तिने वाद केला. पण तिची भाषा इंग्रजी, त्यांची गेलिक. मग दुभाषी कोण? राजा माल्कम स्वतः! दोन्ही भाषा त्यास उत्तम येत. जो रणात कोणास भीत नसे, तो आपल्या सरदारांदेखत पत्नीचा शब्द आपल्या तोंडाने आपल्या लोकांस सांगत उभा राहिला. त्यास कोणी दुबळा म्हटल्याचे इतिहासात नमूद नाही.

असे वीसाहून अधिक वर्षे चालले. मग १०९३ साल उजाडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माल्कम इंग्लंडच्या राजास, विल्यम रूफस यास, भेटण्याकरिता ग्लॉस्टर येथे गेला. पण रूफसने त्याची भेट घेण्याचेच नाकारले. अपमानाने पेटून माल्कम परतला आणि त्याने सैन्य गोळा केले. राणी त्या वेळी अनेक महिन्यांच्या दुखण्याने अंथरुणास खिळली होती. तिने त्यास सैन्याबरोबर न जाण्याविषयी विनविले. चरित्रकार लिहितात की, कोणत्या कारणाने ते कळत नाही, पण या खेपेस राजाने तिचे ऐकले नाही. आमच्या मते कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. दानधर्मात, उपासनेत, धर्मसभेत पत्नीचे ऐकणे त्यास गोड वाटे. पण येथे अभिमान दुखावला होता, आणि दुखावलेल्या अभिमानास कान नसतात.

१३ नोव्हेंबर रोजी नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅनिकजवळ शत्रूने माल्कमला गाठून ठार केले. ज्येष्ठ पुत्र एडवर्ड हाही त्याच स्वारीत कामी आला. आणखी एक पुत्र एडगर मरणोन्मुख मातेपाशी पोहोचला, पण सांगण्यास त्याची जीभ धजेना. तिनेच त्यास शपथ घालून सत्य काढून घेतले, देवाचे आभार मानले, आणि १६ नोव्हेंबरला प्राण सोडला. राजाच्या भावाने गादी बळकाविली, मुलांस देशत्याग करावा लागला. एडगरला राज्य मिळावयास १०९७ साल उजाडले. ख्रिस्तसभेने पुढे इ. स. १२५० मध्ये मार्गारेटला संतपद दिले. तिचा सण १६ नोव्हेंबरला येतो.

वाचकहो, माल्कम वाईट पती नव्हता. तो आपल्यांतील बहुतेकांहून चांगला होता. म्हणूनच ही कथा आम्हांस अधिक बोचते. सोप्या गोष्टीत पत्नीस विचारणारे पुष्कळ आहेत. परीक्षा होते ती क्रोधाच्या घटकेस. भावाशी बांधावरून दावा मांडताना, ईर्ष्येने कर्ज काढून लग्नाचा थाट करताना, शेजाऱ्याच्या एका शब्दावरून जन्माचे वैर धरताना घरातून एक हलका स्वर येतो, "नको, जरा थांबा." तो स्वर ऐकणारा किती घरे वाचवितो!

येथे आम्हांस आमचाही दोष कबूल केला पाहिजे. धर्मगुरू या नात्याने आम्ही आजवर अनेक विवाह लावले, आणि वधूस पतीच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश न चुकता केला. परंतु संत पौलाने इफेसकरांस लिहिताना, पत्नीविषयी बोलण्यापूर्वी, ख्रिस्ताच्या भयाने परस्परांच्या अधीन राहण्यास सर्वांसच सांगितले आहे, याची आठवण वरास किती वेळा दिली? पोप अकरावे पायस यांनी विवाहावरील आपल्या १९३० च्या पत्रात पती हा कुटुंबाचे मस्तक तर पत्नी हृदय असल्याचे म्हटले. आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये ही अधीनता परस्परांची असल्याचे स्पष्ट केले. हृदयापासून तुटलेले मस्तक किती काळ जगेल?

असो. ज्युबिलीनिमित्त मंदिरास देणग्या पुष्कळ आल्या. देव दात्यांचे कल्याण करो. पण प्रत्येक गृहस्थाकडे आम्ही आणखी एक देणगी मागतो. आज सायंकाळी रोझरी संपल्यावर त्याने पत्नीस एवढेच विचारावे, "तू मला काही सांगितले होतेस आणि मी ऐकले नाही, असे काय आहे?" आणि मग उत्तर संपेपर्यंत गप्प बसावे. संत मार्गारेट आपणां सर्वांकरिता विनंती करो.